एमबीए प्रवेश आणि त्यानंतरची नोकरी : सीईटी, कॅट, शुल्क आणि हातात येणारा पगार

गोदाकाठ

नमस्कार. पुण्याजवळच्या एका उत्पादन कंपनीच्या वतीने मी गेली काही वर्षे एमबीएच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेत आहे. दरवर्षी निकालांच्या सुमारास ओळखीतली मुले, आणि बहुतेक वेळा त्यांचे आईवडील, एकच प्रश्न घेऊन येतात : "अमुक संस्थेत नंबर लागतो आहे, प्रवेश घ्यावा का?" या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या नावावरून देण्याची आपल्याकडे सवय आहे. माझे म्हणणे असे आहे की, त्या संस्थेत वर्गाच्या मधोमध असलेल्या विद्यार्थ्याला कोणते काम मिळते, त्याच्या हातात दरमहा किती रुपये पडतात आणि त्यातले किती कर्जाच्या हप्त्यात जातात, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणीही शुल्काचा पहिला हप्ता भरू नये.

प्रवेशाचे मार्ग थोडक्यात सांगतो, कारण त्यांची माहिती सर्वत्र मिळते. आयआयएम (भारतीय व्यवस्थापन संस्था) आणि देशभरातील अनेक संस्थांसाठी कॅट ही परीक्षा असते. ती साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरीस होते, तिचा वेळ दोन तासांचा असतो आणि भाषा, तर्क व माहितीचे विश्लेषण, गणित या तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे मिळतात. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि पर्याय असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण जातो. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयसाठी झॅट, सिंबायोसिससाठी स्नॅप आणि मुंबईच्या एनएमआयएमएससाठी एनमॅट या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे विभाग व संलग्न महाविद्यालये यांच्यासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाची एमबीए सीईटी असते. तिच्यात १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात, उत्तर चुकल्यास गुण कापले जात नाहीत, आणि त्यामुळे तिची सारी कसोटी वेगाची आहे.

या दोन परीक्षांमधला खरा फरक परीक्षेनंतर सुरू होतो. आयआयएममध्ये कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी व पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव आणि मुलाखत या सर्वांचे वजन धरले जाते. सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, मुलाखत नसते. गुणवत्ता क्रमांक आणि पसंतीक्रम यांवर जागा ठरते. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी खुल्या गटातून प्रवेश मिळवायचा तर ९९.९ च्या आसपास पर्सेंटाइल, म्हणजे हजारातल्या सुमारे ९९९ परीक्षार्थींना मागे टाकणारे गुण, लागतात. दहावीला कमी गुण पडलेल्या पण आज जिद्दीने अभ्यास करणाऱ्या मुलासाठी हा मार्ग अधिक मोकळा आहे, ही या राज्यातील विद्यार्थ्यांच्या हाती असलेली मोठी गोष्ट आहे आणि तिचा पुरेसा विचार होत नाही, असे मला वाटते.

आता नोकरीकडे वळतो. माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर 'सर्वोच्च पॅकेज', म्हणजे सर्वांत मोठे वार्षिक वेतन, असते. तो आकडा एका विद्यार्थ्याचा असतो आणि प्रवेश घेणाऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. 'सरासरी पॅकेज' हा आकडाही वरच्या चार-पाच जणांमुळे फुगू शकतो. 'मध्यम पगार', म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधे येणारा आकडा, विचारावा. तो सांगायला संस्था तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे. '१०० टक्के प्लेसमेंट' असे लिहिलेले असेल तर ती टक्केवारी संपूर्ण वर्गाची आहे की केवळ नोंदणी केलेल्यांची, हे विचारावे. कारण काही ठिकाणी कमी गुण असलेल्यांना किंवा एकदा निवड नाकारलेल्यांना नोंदणीतून वगळलेले असते. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने नोकरीचे अहवाल कसे लिहावेत याचे एक मानक तयार झाले असून, काही संस्था त्यानुसार तपासून घेतलेला अहवाल प्रसिद्ध करतात. त्यात स्थिर वेतन, एकदाच मिळणारी रक्कम आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वेगवेगळा दाखवलेला असतो. ज्या संस्थेत प्रवेश घेण्याचा विचार आहे तिचा अहवाल अशा तपासलेल्या अहवालाशेजारी ठेवून वाचला, तर काय लिहिले आहे आणि काय गाळले आहे ते लगेच दिसते.

आपले अनुभव व प्रश्न जरूर लिहावेत.

मांजरातीर

गोदाकाठ सर, नमस्कार. मी लातूरचा. माझी मुलगी बी.कॉम. झाली असून तिला एमबीए सीईटीत ९४ पर्सेंटाइल मिळाले आहेत. आम्ही इतर मागास वर्गात येतो आणि घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. पुण्याच्या एका खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठाकडून तिला प्रवेशाचे पत्र आले असून दोन वर्षांचे शुल्क वसतिगृहासह सुमारे १४ लाख रुपये आहे. कॅपच्या फेऱ्यांची वाट पाहिली तर ही जागा जाईल, असे त्यांच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले आहे. मुलीचा ओढा मोठ्या संस्थेकडे आहे आणि तिच्या मनाविरुद्ध काही करावे असे मला वाटत नाही. पण बँकेत चौकशी केल्यापासून मला झोप नीट लागत नाही. आपण काय सुचवाल?

चाफा

मांजरातीर दादा, मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात शिकवते आणि दरवर्षी प्रवेश मार्गदर्शनाच्या कामात असते, म्हणून गोदाकाठ यांच्या आधी लिहिते आहे.

सर्वप्रथम एक महत्त्वाची गोष्ट. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. आपली मुलगी या सवलतीत बसते. मात्र ही सवलत कॅपमधून घेतलेल्या प्रवेशासाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या जागेला ती लागू होत नाही, आणि खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. म्हणजे ज्या जागेसाठी आपल्यावर घाई केली जात आहे, ती घेतली तर मुलीचा हा हक्क त्याच दिवशी संपतो. फोनवरच्या प्रतिनिधीने हे सांगितले नसणार.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. दरवर्षी चांगले गुण मिळालेली मुले केवळ कागदांमुळे आरक्षित जागा गमावून खुल्या गटात ढकलली जातात आणि हे पाहताना फार वाईट वाटते. नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षी काढलेले प्रमाणपत्र चालेल असे गृहीत धरू नये. जात वैधता प्रमाणपत्रासाठी समितीकडे अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागू शकते. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते हेही आताच तपासून ठेवावे, कारण महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर सवलतीसाठी अर्ज करताना यातले काहीही अडू शकते.

पसंतीक्रम भरताना 'इथे आपला नंबर लागणार नाही' असे म्हणून वरची महाविद्यालये गाळू नयेत. मनातला खरा क्रमच लिहावा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही, म्हणून पहिल्या क्रमांकावर काय लिहायचे हे घरात बसून, सर्वांशी बोलून ठरवावे.

गोदाकाठ

चाफाताई, आपण जे लिहिले ते मी लिहू शकलो नसतो. मनःपूर्वक आभार.

मांजरातीर साहेब, आता कर्जाचा हिशेब मांडतो. १४ लाखांपैकी सहा लाख आपण घरातून उभे केले आणि आठ लाखांचे कर्ज काढले असे धरू. दर १० टक्के आणि पैसे दरवर्षी चार लाख असे दोन टप्प्यांत मिळाले. शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. पहिल्या टप्प्यावर तीन वर्षांचे १,२०,००० आणि दुसऱ्या टप्प्यावर दोन वर्षांचे ८०,००० मिळून दोन लाख रुपये होतात. म्हणजे परतफेड सुरू होते तेव्हा कर्ज दहा लाखांचे झालेले असते आणि सात वर्षांत फेडायचे ठरवले तर दरमहा सुमारे १६,६०० रुपये हप्ता येतो. सहा लाखांचे पॅकेज असेल तर भविष्य निर्वाह निधी व कामगिरीशी जोडलेला भाग वजा जाता हातात चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या आसपास येतात. पुण्यात किंवा मुंबईत खोलीचे भाडे, जेवण, प्रवास भागवून त्या पगारातून साडेसोळा हजार बाजूला काढणे किती कठीण आहे हे आपण जाणता. पॅकेज बारा लाखांचे असेल तर हाच हप्ता सहज निघतो. म्हणूनच त्या संस्थेचा मध्यम पगार सहाच्या जवळ आहे की बाराच्या, हे तिथल्या मुलांकडून समजून घ्यावे. तेही आपल्या मुलीप्रमाणे बी.कॉम. झालेल्या आणि अनुभव नसलेल्या मुलांकडून. एकाच वर्गात तीन वर्षे नोकरी करून आलेल्या अभियंत्याला आणि थेट पदवीवरून आलेल्या मुलीला एकच कंपनी वेगळी कामे देऊ करते.

प्राप्तिकरात शिक्षण कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण ती जुन्या करपद्धतीतच मिळते, म्हणून ती फार मोठा आधार आहे असे समजू नये.

मैत्रेयी

मी संगणक अभियांत्रिकीनंतर तीन वर्षे हिंजवडीत नोकरी केली आणि मग २०१५ नंतर सुरू झालेल्या आयआयएमपैकी एका संस्थेत शिकले. अनुभवाबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

आमच्या वर्गात उन्हाळी इंटर्नशिपसाठी कंपन्या आल्या तेव्हा अभ्यास सुरू होऊन जेमतेम काही महिने झाले होते. म्हणजे ज्या दोन महिन्यांच्या कामावरून अनेकांची पुढची नोकरी ठरते, त्याची निवड संस्थेत शिकवलेल्या कशावरही होत नाही. ती तुम्ही प्रवेशाआधी काय केले आहे यावर होते. माझ्याकडे सांगण्यासारखे प्रकल्प होते. जे थेट पदवीवरून आले होते त्यांतले हुशार विद्यार्थीही त्या आठवड्यात गोंधळून गेले होते, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यामुळे बी.कॉम. झालेल्या मुलीने एक-दोन वर्षे लेखापरीक्षण संस्थेत, बँकेत किंवा एखाद्या कारखान्याच्या हिशेब विभागात काम करून मग परीक्षा दिली तर तो काळ वाया जात नाही. कुटुंबात मात्र हे पटवून द्यावे लागते, विशेषतः मुलींच्या बाबतीत, कारण 'लग्नाआधी शिक्षण पूर्ण होऊ दे' ही घाई पालकांना असते.

आणखी एक. नव्या आयआयएमचे शुल्क जुन्या आयआयएमपेक्षा कमी असले तरी ते कमी नाही. अहमदाबादचे शुल्क २५ लाखांच्या पुढे गेले आहे, पण तिथला पगारही तसा आहे. दुसऱ्या टोकाला दिल्ली विद्यापीठाचे एफएमएस आहे, जिथे दोन वर्षांचे शुल्क दोन-अडीच लाखांच्या घरात असते आणि नोकऱ्या उत्तम असतात. आपल्याकडे जमनालाल बजाज आणि पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग यांचे महत्त्व याच हिशेबातून समजते.

ठाणेकर_वाचक

धाग्याचा रोख मला बराचसा मान्य आहे, परंतु एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. पहिल्या पगारावरून संस्थेचे मोजमाप करणे अपुरे आहे. मी एका ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत विक्री विभागात सुरुवात केली, तेव्हा माझा पगार माझ्या मित्रांच्या पगाराहून बराच कमी होता आणि कामाचा भाग सोलापूर, धाराशिव व बीड हा होता. सकाळी वितरकाच्या गोदामात माल मोजायचा, दिवसभर दुकाने फिरायची, उधारीवरून वाद मिटवायचे आणि महिनाअखेर लक्ष्य गाठायचे, असे ते काम होते. बाजार कसा चालतो हे मी तिथे शिकलो आणि पुढची प्रत्येक बढती त्या शिक्षणावर मिळाली. पगार कमी म्हणून विक्रीची नोकरी नाकारणारी मुले आपले नुकसान करून घेतात, असे मला मनापासून वाटते.

गोदाकाठ

ठाणेकर, आपल्या म्हणण्याचा मी आदर करतो आणि आपण केलेल्या कामासारखे काम ज्यांना मिळते त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी चिंता वेगळ्या नोकऱ्यांची आहे. 'मॅनेजमेंट ट्रेनी' किंवा 'रिलेशनशिप मॅनेजर' असे पद लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात फोन करून विमा पॉलिसी किंवा बचत खाती विकण्याचे काम असते, ज्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी पुरेशी असते. त्या नोकरीतून वर्षभरात बरीच मुले बाहेर पडतात, आणि हप्ता मात्र चालूच राहतो. कोणत्या पदावर, कोणत्या शहरात, कोणाच्या हाताखाली आणि दोन वर्षांनंतर तिथून लोक कुठे जातात, हे विचारले की आपली नोकरी आणि ही नोकरी यांतला भेद कळतो. माजी विद्यार्थ्यांची आजची पदे लिंक्डइनवर उघड असतात. तिथे तीन-चार वर्षांपूर्वीच्या वर्गातली वीस-पंचवीस नावे शांतपणे पाहिली तर माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक कळते.

मुलाखतीत मी काय पाहतो हे काहींनी निरोपातून विचारले आहे. चाकणच्या एखाद्या पुरवठादाराकडे माल उशिरा का येतो, साठा जास्त झाला तर पैसा कुठे अडकतो, रोखीचा ओघ आणि नफा यांत फरक काय, अशा साध्या प्रश्नांवर उमेदवार स्वतः विचार करून बोलतो का, हे मी पाहतो. इंग्रजी सफाईदार नसले तरी चालते. विचार स्पष्ट लागतो. नाशिक, सांगली, अमरावतीच्या मुलांनी भाषेच्या भीतीने गप्प राहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. एक्सेलवर हात चांगला बसलेला असावा आणि ताळेबंद वाचता यावा, एवढी तयारी कोणत्याही महाविद्यालयात राहून करता येते.

पश्चिमवारा

न्यू जर्सीहून लिहितो. परदेशी एमबीएचा विषय निघालेला नाही, पण अनेक घरांत तो असतो, म्हणून इथली स्थिती सांगतो. हार्वर्डमधून २०२४ साली पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के विद्यार्थ्यांना तीन महिन्यांनंतरही नोकरी नव्हती. २०२२ साली हेच प्रमाण १० टक्के होते. ज्या संस्थेचे शिक्षण शुल्कच वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे आहे तिथली ही स्थिती होती, यावरून मधल्या फळीतल्या विद्यापीठांचा अंदाज यावा.

त्यातून व्हिसाचा प्रश्न आहे. पदवीनंतर १२ महिने काम करता येते आणि अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान गटात नोंदलेला असेल तर आणखी २४ महिने मिळतात. त्या काळात एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव निघावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. अमेरिकेत शिकत असलेल्या विद्यार्थ्याने इथेच राहून व्हिसा बदलून घेतला तर ते लागू होत नाही, असे नंतर स्पष्ट करण्यात आले; तरीही अनेक कंपन्या परदेशी विद्यार्थ्याला घेताना कचरतात. शेत किंवा राहते घर तारण ठेवून इथल्या मधल्या फळीच्या संस्थेत येऊ नये, असे माझे ठाम मत आहे. शिष्यवृत्ती मोठी असेल किंवा कंपनी खर्च करणार असेल तर विचार वेगळा.

मांजरातीर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला हा सगळा धागा वाचायला दिला. तिने स्वतः त्या विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी संपर्क साधला. दोघीही वाणिज्य शाखेच्या आहेत. एकीला साडेसहा लाखांची नोकरी मिळाली आहे, दुसरीची निवड अजून झालेली नाही. मुलीने आता कॅपमध्ये अर्ज करायचे ठरवले आहे. अभिमत विद्यापीठात जागा राखण्यासाठी आम्ही ५०,००० रुपये भरून बसलो आहोत, ते बुडतील का? आणि ९४ पर्सेंटाइलवर चांगले महाविद्यालय मिळाले नाही तर तिने काय करावे?

चाफा

दादा, आधी पैशांचे. वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेली रक्कम परत करावी, असा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नियम आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगानेही शुल्क परताव्याबाबत तारखा ठरवून दिलेल्या असतात. रद्द करण्याचा अर्ज आजच ईमेलने पाठवा, पावतीची प्रत जोडा आणि फोनवरच्या आश्वासनावर विसंबून राहू नका. मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्याकडे दिला असेल तर तोही लेखी मागा. संस्थेला तो अडवून ठेवता येत नाही.

महाविद्यालय निवडताना प्रत्येक खाजगी महाविद्यालयाचे शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले असते, ते संकेतस्थळावर पाहावे. सवलत शिक्षण शुल्काची व परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह आणि खानावळ यांची तरतूद घरातून करावी लागेल.

गोदाकाठ

मुलीने स्वतः फोन करून माहिती काढली, हे वाचून फार आनंद झाला. मुलाखतीत तिने एवढेच सांगितले तरी मी तिला पुढचे प्रश्न विचारीन.

इतर मागास वर्गातून ९४ पर्सेंटाइलवर पुण्या-मुंबईतली बरी महाविद्यालये मिळण्याची शक्यता आहे. मागील वर्षाच्या कॅप फेऱ्यांची अखेरची गुणयादी (कटऑफ) सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असते, ती महाविद्यालयवार पाहून पसंतीक्रम लिहावा. शहर निवडताना वित्त विषय घ्यायचा असेल तर मुंबईला आणि उत्पादन किंवा पुरवठा साखळी घ्यायची असेल तर पुण्याला प्राधान्य द्यावे, कारण लहान महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला बहुतेक काम इंटर्नशिपमधून आणि ओळखीतून मिळते, आणि त्यासाठी कंपन्या जवळ असाव्या लागतात.

तिसऱ्या फेरीपर्यंत मनासारखे काही मिळाले नाही तर लातूरमध्येच एखाद्या सनदी लेखापालांकडे किंवा सहकारी बँकेत तिने काम धरावे, जीएसटीची विवरणपत्रे व टॅली यांवर हात बसवावा आणि पुढच्या वर्षी सीईटीबरोबर कॅटही द्यावी. सीईटीसाठी रोज वेळ लावून पूर्ण २०० प्रश्नांच्या सराव चाचण्या सोडवाव्यात. ९४ वरून ९८-९९ कडे जाण्यात गणितापेक्षा तर्काच्या ७५ प्रश्नांतला वेग अधिक कामी येतो. पसंतीक्रमाची यादी तयार झाली की इथे लिहा, चाफाताई आणि मी ती पाहू.